मन कोरडे पडले असताना चालू ठेवलेली प्रार्थना ही निष्ठा की नुसती सवय?

वाटसरू (मूळ प्रश्न)

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम.

मी मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला असून गेली चौदा वर्षे नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. पणजोबांपासून आमच्या घराण्यात ख्रिस्ती विश्वास आहे आणि माझे बालपण संडे स्कूल, बुधवारची प्रार्थनासभा व रात्रीच्या जेवणापूर्वीची कुटुंबप्रार्थना यांतच गेले. कुटुंबप्रार्थना आई चालवीत असे. वडील शास्त्रपाठ वाचीत, आम्ही भावंडे उपासना संगीतातले एखादे गीत म्हणत असू आणि शेवटी आई गावातल्या आजारी माणसांची नावे एकेक करून देवापुढे मांडीत असे. ती यादी इतकी लांब असे की धाकटा भाऊ बहुतेक वेळा मध्येच झोपी जाई.

सव्वादोन वर्षांपूर्वी आई प्रभूत निजली. तिचा आजार सात महिने चालला. त्या काळात आम्ही उपवास केले, मंडळीने रात्रभराच्या प्रार्थना ठेवल्या आणि मी स्वतः आयुष्यात कधी नव्हे इतक्या कळवळ्याने देवाला हाक मारली. तिच्या मृत्यूनंतर माझ्या विश्वासाचे नेमके काय झाले हे सांगणे मला अवघड जाते, कारण तो मोडला असे मी म्हणू शकत नाही. देव आहे आणि ख्रिस्त मेलेल्यांतून उठला हे मी आजही मानतो. परंतु गुडघे टेकले की समोर कोणी ऐकत आहे ही जाणीव मला लहानपणापासून होती, ती आता राहिलेली नाही. मी रोज पहाटे साडेपाचला उठतो, एक अध्याय वाचतो, प्रभूची प्रार्थना म्हणतो, रविवारी उपासनेला जातो, प्रभुभोजन घेतो, दशांश देतो. हे सारे आईने लावलेल्या वळणामुळे चालले आहे. आत मात्र काहीच हलत नाही.

गेल्या महिन्यात एका सभेत वक्त्यांनी सांगितले की, जिच्यात अंतःकरण नाही त्या प्रार्थनेचा देवाला वीट येतो आणि केवळ सवयीने उपासना करणारा मनुष्य ढोंगी असतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून माझा प्रश्न असा आहे: मी जे करीत आहे त्याला देवाशी विश्वासू राहणे म्हणता येईल का, की ती निव्वळ सवय असून मी तिला मोठे नाव देत आहे? आणि ती सवयच असेल, तर मन पुन्हा जागे होईपर्यंत हे सर्व थांबवणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल का? ज्यांनी अशा दिवसांतून वाट काढली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. माझे समाधान व्हावे म्हणून सौम्य उत्तर देण्याची गरज नाही.

नगरची शिक्षिका

वाटसरू बंधू, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते निकडीचे आहे. थांबवू नका. आमच्या अवर्षणाच्या भागात कोणताही शेतकरी पाऊस आल्यावर बांध घालू असे म्हणत नाही. कोरड्या रानातच तो बांध घालतो, म्हणून पडलेले पाणी शिवारात मुरते.

आता सवयीविषयी. सवय हा शब्द वक्त्यांनी निंदेच्या अर्थाने वापरला, पण पवित्र शास्त्र तो तसा वापरीत नाही. दानीएलाच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग पाहा. राजाखेरीज अन्य कोणाकडेही तीस दिवस काही मागू नये असा हुकूम निघाला, त्यावर राजाची सही झाली, हे कळल्यावर दानीएल घरी गेला आणि यरुशलेमेच्या दिशेने उघडणाऱ्या खिडक्यांपाशी दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करू लागला. लेखक येथे मुद्दाम सांगतो की, पूर्वी तो जसे करीत असे तसेच त्याने केले. त्या दिवशी त्याच्या मनात काय उचंबळून आले याविषयी एक अक्षरही नाही. मला तर वाटते की सिंहांच्या गुहेत दानीएल टिकला त्याची तयारी आधीच्या कित्येक वर्षांच्या साध्या, कोणाच्याही लक्षात न आलेल्या दिवसांत झाली होती. आपल्या प्रभूविषयीही लूक असेच लिहितो. नासरेथच्या सभास्थानात तो आपल्या परिपाठाप्रमाणे गेला, आणि अटकेच्या रात्री जैतुनाच्या डोंगरावरही तो आपल्या रीतीप्रमाणेच गेला. ज्या ठिकाणी त्याचा घाम रक्ताच्या मोठमोठ्या थेंबांसारखा पडला, तेथे त्याचे पाय नेहमीच्या वळणाने पोहोचले होते. आपल्या भाषेत याला नेम म्हणतात, आणि नेम पाळणाऱ्याला महाराष्ट्रात कोणी कधी ढोंगी म्हटलेले नाही.

दुसरी गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण माझ्या स्वतःच्या कठीण काळात मला तिचाच आधार झाला. विश्वास हा शब्द आपण मराठीत बहुधा मनातल्या खात्रीसाठी वापरतो, त्यामुळे खात्री विरळ झाली की विश्वासच गेला असे आपल्याला वाटू लागते. जुन्या करारात ज्या इब्री शब्दाचे भाषांतर विश्वास किंवा विश्वासूपणा असे होते तो शब्द आहे एमुना, आणि आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो आमेन त्याच धातूपासून आलेला आहे. हा एमुना शब्द शास्त्रात एके ठिकाणी चक्क हातांसाठी आला आहे. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात अमालेकाशी लढाई चालू असताना मोशे टेकडीच्या माथ्यावर हात वर करून उभा असतो. हात वर असले की इस्राएल सरशी करतो, खाली आले की अमालेक. शेवटी मोशेचे हात भरून येतात. तेव्हा अहरोन व हूर त्याच्या बुडाखाली एक दगड ठेवून त्याला त्यावर बसवतात, एक या बाजूने आणि दुसरा त्या बाजूने उभा राहून त्याचे हात धरतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहतात. येथे स्थिर असा जो शब्द आपण वाचतो, तो मूळ भाषेत एमुना आहे. मोशेच्या मनात त्या वेळी उत्साह होता की कंटाळा, हे शास्त्र आपल्याला सांगत नाही. हात सूर्यास्तापर्यंत खाली आले नाहीत, एवढेच सांगते. आणि ते त्याच्या स्वतःच्या बळावर राहिले नाहीत, हेही लपवून ठेवीत नाही.

माझे यजमान वारले त्याला आता अकरा वर्षे झाली. पहिले वर्षभर मला शास्त्र उघडले तरी ओळी दिसत पण अर्थ लागत नसे. आमच्या महिला मंडळातल्या दोघी जणी दर गुरुवारी संध्याकाळी घरी येत, मला काही न विचारता एक स्तोत्र मोठ्याने वाचीत, चहा घेत आणि निघून जात. मी त्यांच्यासोबत प्रार्थना करीत होते असे मी म्हणणार नाही. मी फक्त तेथे बसलेली असे. त्या वर्षात माझ्या विश्वासाला जे काही धरून ठेवले ते त्या दोघींनी, आणि त्यांच्याद्वारे देवाने. म्हणून तुम्हाला विचारते: तुमच्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला सध्या कोण उभे आहे? तुमच्या पत्रात पहाट आहे, अध्याय आहे, दशांश आहे, पण आईखेरीज दुसऱ्या कोणाही माणसाविषयी तुम्ही फारसे लिहिलेले नाही. तुमचे वडील गावी एकटेच असतात का?

वसईकर

मी कॅथॉलिक आहे आणि या चर्चेतील बहुतेक जण प्रोटेस्टंट परंपरेतील दिसतात; तरीही वाटसरू यांचा अनुभव आमच्या परंपरेला नवा नाही, म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडे धर्मगुरू व व्रतस्थ भगिनी दिवसाच्या ठरावीक प्रहरांना स्तोत्रांनी प्रार्थना करतात आणि आता काही प्रापंचिक माणसेही ती करतात. त्यातील दर शुक्रवारच्या रात्रप्रार्थनेचे स्तोत्र आहे अठ्ठ्याऐंशीवे. सबंध स्तोत्रसंहितेतील हे कदाचित सर्वांत काळोखे स्तोत्र असावे. इतर विलापगीते शेवटी कोठेतरी वळण घेतात, देवाचे उपकार आठवतात. हे स्तोत्र मात्र अंधार या शब्दापाशीच संपते. तू मला का टाकलेस, आपले मुख माझ्यापासून का लपवतोस, असे विचारून स्तोत्रकर्ता थांबतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. ज्याच्या घरी त्या शुक्रवारी बारसे किंवा लग्न असेल त्यानेही झोपण्यापूर्वी हेच शब्द उच्चारावेत अशी ही योजना आहे. याचा अर्थ मी असा घेतो की, अंधारात बसलेल्या माणसाची प्रार्थना ख्रिस्तसभेने आपल्या मुखात घेतली आहे आणि तिला कमी दर्जाची मानलेले नाही. देव आपल्याला उत्तर देत नाही, ही तक्रार स्तोत्रकर्ता देवाकडेच करतो, इतर कोणाकडे नाही. तो ज्याच्यावर रागावला आहे त्याच्याच दारात बसून आहे. मला यापेक्षा मोठी निष्ठा माहीत नाही.

मदर तेरेसा यांचे उदाहरण अनेकांना ठाऊक असेल, तरी येथे त्याचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. १९९७ साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, त्यांनी आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहिलेली खाजगी पत्रे प्रसिद्ध झाली. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. त्या पत्रांवरून जगाला कळले की, कोलकात्याच्या वस्त्यांत काम सुरू केल्यापासून जवळजवळ पन्नास वर्षे, मधला एक अल्प काळ सोडला तर, त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव होत नव्हती. रोज पहाटे मिस्सा, म्हणजे आमची प्रभुभोजनाची उपासना, त्यानंतर रस्त्यावरची मरणासन्न माणसे, संध्याकाळी पुन्हा पवित्र साक्रामेंतासमोर (मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीसमोर) प्रार्थना, आणि आत रिकामेपण. काही वृत्तपत्रांनी तेव्हा लिहिले की त्यांचा विश्वास खोटा होता. मला तो निष्कर्ष उलटा वाटतो. ज्याला रोज गोडी मिळते तो गोडीसाठी येतो की देवासाठी, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. ज्याला काहीच मिळत नाही आणि तरी जो येतो, त्याच्याविषयी ही शंका उरत नाही.

तरीही वाटसरू बंधूंना एक सावधगिरी सुचवतो. मदर तेरेसा आपल्या अंतरातील अंधार आपल्या मार्गदर्शकांपुढे मांडीत असत, तो एकट्याने वाहत नसत. तुम्ही तो प्रथम आम्हा अनोळखी लोकांपुढे मांडला आहे. हे चांगलेच झाले, परंतु एवढ्याने भागणार नाही. तुमच्या पाळकांशी, किंवा ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे अशा एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासणाऱ्याशी, समोरासमोर बसून बोला.

खरे माप

शिक्षिकाबाईंचे आणि वसईकरांचे म्हणणे मी आदराने वाचले, पण त्या वक्त्यांची बाजू इतक्या सहज सोडून द्यावी असे मला वाटत नाही. त्यांनी ते कोणत्या भावनेने सांगितले हे मला माहीत नाही. मात्र त्यांच्या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे. हे लोक ओठांनी माझा सन्मान करतात पण त्यांचे अंतःकरण माझ्यापासून दूर आहे, हे यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात देवच म्हणतो आणि प्रभू येशूने तेच शब्द परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, ऐकवले. सवय माणसाला धरून ठेवते हे खरे, तशीच ती माणसाला झोपवूनही ठेवते. हे मी स्वतःच्या आयुष्यातून सांगत आहे.

मी एका कारखान्यात भांडारपाल म्हणून सव्वीस वर्षे काम केले. त्याच काळात मी मंडळीचा चिटणीस होतो, गायकवर्गात होतो, आणि रोज सकाळी घरातल्या सर्वांना घेऊन शास्त्र वाचीत असे. यातले काहीही दिखाऊ नव्हते. आणि याच काळात पुरवठादाराकडून आलेला माल कमी असताना तो पूर्ण मिळाल्याची सही मी अनेक वर्षे करीत आलो. वरिष्ठांनी तशी प्रथा पाडली होती आणि माझ्या वाट्याला दिवाळीत एक पाकीट येत असे. सकाळची प्रार्थना आणि दुपारची सही यांची माझ्या मनात कधी गाठच पडली नाही. प्रार्थनेत मला कोरडेपणाही वाटत नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करतो. उलट मला समाधान वाटत असे. म्हणून भावना असणे ही विश्वासूपणाची खूण नाही, हा शिक्षिकाबाईंचा मुद्दा मी त्यांच्यापेक्षाही कडक शब्दांत मान्य करीन.

आम्ही अध्यायामागून अध्याय असे क्रमाने वाचत असू. एके दिवशी क्रमाने आमोसाचा आठवा अध्याय आला. एफा लहान व शेकेल (वजन) मोठा करू आणि खोट्या तराजूने फसवू, असे म्हणत शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, कधी संपेल याची वाट पाहणारे व्यापारी त्यात आहेत. माझी नववीतली मुलगी वाचत होती. तिने वाचन थांबवून मला एफा म्हणजे काय ते विचारले, आणि धान्याचे माप असे उत्तर देताना माझा आवाज मलाच परका वाटला. हा अध्याय मी आधीच्या वर्षांत निदान पाच-सहा वेळा तरी वाचलेला असणार. पुढच्या आठवड्यात मी कमी मालाच्या पावतीवर सही करायला नकार दिला आणि मागचेही सांगितले. माझी बदली झाली, तीन वर्षांची वेतनवाढ गेली, आणि मंडळीतल्याच काही जणांनी मला मूर्ख ठरवले. घरी खरोखर ओढाताण झाली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, विधवांसाठी अपार कष्ट घेतले, आणि तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त स्वतः सापडलेला नाही. आपल्या साक्षीत त्यांनी हे स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. त्यांच्या जागी दुसरे कोणी असते तर एवढे मोठे कार्य हातात असताना हा प्रश्न स्वतःला विचारलाच नसता. रमाबाईंनी काम सोडले नाही आणि कामात समाधानही मानले नाही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी इब्री व ग्रीक शिकून सबंध शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली, त्या वेळी हे काम अजून हातात होते आणि त्या ते करीतच राहिल्या. पुढच्याच वर्षी, १९२२ च्या एप्रिलमध्ये, त्याही गेल्या.

म्हणून वाटसरू बंधू, मन हलते की नाही हे मी तुम्हाला विचारणार नाही. मी असे विचारीन की, पहाटे वाचलेला अध्याय संध्याकाळपर्यंत तुमच्याकडून काही करवून घेतो का, तुम्हाला कोठे अडवतो का? आणि गुडघ्यांवर असताना तुम्ही देवाला खरे तेच बोलता, की आईने शिकवलेले शब्द पुढे करून खरी गोष्ट मागे ठेवता?

वाटसरू

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात याबद्दल मनापासून आभार. खरे माप यांच्या शेवटच्या प्रश्नाने मला दोन दिवस अस्वस्थ केले, म्हणून मूळ प्रश्नात जे लिहायचे टाळले होते ते आता लिहितो.

आईच्या शेवटच्या पंधरवड्यात बाहेरगावचे एक प्रार्थना करणारे गृहस्थ नातेवाइकांच्या आग्रहावरून घरी आले होते. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना व्हरांड्यात मला म्हणाले की, या घरात कोणाच्या तरी विश्वासात कमतरता आहे, नाहीतर ही बाई आतापर्यंत उठून बसली असती. मी त्यांना काही उत्तर दिले नाही. आईने ते ऐकले की नाही हे मला आजतागायत ठाऊक नाही. प्रार्थनेत मी हा विषय एकदाही काढलेला नाही. तो काढला तर मी देवाला काय बोलून बसेन याची मला भीती वाटते. ती कमतरता माझी होती का, हाच प्रश्न माझ्या प्रत्येक प्रार्थनेच्या तळाशी बसलेला असतो.

बाई, आपण विचारलेत म्हणून सांगतो: होय, वडील गावी एकटेच असतात. मी दर रविवारी फोन करतो. आम्ही पाणीपाऊस आणि औषधे यांविषयी बोलतो.

नगरची शिक्षिका

तुम्ही हे लिहिलेत ते फार बरे केलेत. या बाबतीत मी आडपडदा न ठेवता बोलते: त्या गृहस्थांनी जे सांगितले ते असत्य आहे, आणि मरणाच्या दारात असलेल्या बाईच्या मुलाला ते सांगणे हे क्रौर्य आहे, मग ते कितीही धार्मिक स्वरात सांगितलेले असो.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय आज रात्री वाचा, पण चौतिसाव्या आणि सदतिसाव्या वचनांवर बोट ठेवून वाचा. विश्वासाच्या योगे काही जण तरवारीच्या धारेपासून वाचले, असे पहिल्यात आहे. काही जण तरवारीच्या धारेने मारले गेले, असे दुसऱ्यात आहे. आणि त्या सर्वांविषयी त्यांच्या विश्वासाबद्दल चांगली साक्ष देण्यात आली, असे अध्यायाच्या शेवटी म्हटले आहे. जे वाचले त्यांचा विश्वास जास्त होता, असे पत्रलेखक कोठेही म्हणत नाही. पौलाने आपल्या शरीरातील काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि तो काटा निघाला नाही. त्रफिम आजारी असल्यामुळे त्याला मिलेतात ठेवून यावे लागले, हे पौलच तीमथ्याला कळवतो. ज्या प्रेषिताच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, त्याचा सोबती आजारी राहिला. जन्मांध माणसाविषयी पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हा प्रभूने तो प्रश्नच खोडून काढला.

आणि ईयोब. त्याचे तीन मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांनी योग्य केले. मग त्यांनी तोंडे उघडली आणि दोष ईयोबातच असला पाहिजे असे ते सांगू लागले. ईयोबाने देवाला जे सुनावले त्यातले काही भाग आजही मंडळीत मोठ्याने वाचताना माझा आवाज कापतो. शेवटच्या अध्यायात परमेश्वर त्या मित्रांपैकी अलीफजाला म्हणतो की, तुम्ही माझ्याविषयी माझा सेवक ईयोब याच्यासारखे यथार्थ बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या मित्रांवर देवाचा कोप होतो, आणि देवाशी भांडणाऱ्याला तो चार वेळा माझा सेवक म्हणतो. तेव्हा तुम्ही काय बोलून बसाल याची भीती बाळगू नका. ईयोबापेक्षा कठोर बोलणे तुम्हाला जमेल असे मला वाटत नाही. व्हरांड्यातली ती गोष्ट देवाला जशीच्या तशी सांगा, त्या माणसाचे शब्द सांगा, तुमचा राग सांगा, आणि मग नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना म्हणा. काहीच वाटले नाही, तरी चालेल.

तुमच्या वडिलांनी आपली पत्नी गमावली आहे. त्यांच्याशी केवळ पाणीपावसाविषयी बोलू नका.

वसईकर

वाटसरू बंधू, मागे उल्लेख केलेले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वडिलांसोबत वाचता आले तर पाहावे. वाचून झाल्यावर त्यावर काही बोलण्याची घाई करू नये. आमच्या येथील उद्याच्या मिस्सात तुमच्या आईचे स्मरण करीन.

वाटसरू

थोडक्यात कळवतो. परवा, म्हणजे शुक्रवारी, रात्री नऊ वाजता वडिलांना फोन केला आणि व्हरांड्यातली गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की, त्याच गृहस्थांनी जाताना फाटकापाशी त्यांनाही तेच ऐकवले होते आणि ती कमतरता आपलीच असे समजून ते सव्वादोन वर्षे वागत आले आहेत. रात्रीची कुटुंबप्रार्थना त्यांनी एकट्याने चालू ठेवली आहे, मोठ्याने वाचतात, आईची नावांची यादीही घेतात, पण मन लागत नाही असे त्यांनी सांगितले. मला हे काहीच माहीत नव्हते.

पहाटेचा नेम मी चालू ठेवला आहे. काल प्रथमच गुडघ्यांवर असताना त्या गृहस्थांविषयी देवाशी बोललो, आणि जे बोललो ते येथे लिहिण्यासारखे नाही. समोर कोणी ऐकत आहे असे कालही वाटले नाही. खरे माप यांना पुढच्या महिन्यात त्यांच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचेही उत्तर देईन. ऑफिसातील एका गोष्टीचा विचार करीत आहे.

रोज रात्री नऊला फोनवर मिळून वाचायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. शुक्रवारी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र घेतले. वडील नेहमीप्रमाणे वाचू लागले आणि दहाव्या वचनापाशी थांबले, मृतांसाठी तू अद्भुत कृत्ये करशील काय, या प्रश्नाशी. उरलेली आठ वचने मी वाचली.